दंड भरायच्या आधी वकील मागा

कुणी भाकरी थापत ऐकत असाल, कुणी गोठ्यात धार काढता काढता. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडं असू द्या. आज आम्ही गटातल्या बाया कोर्टाच्या दंडाबद्दल बोलणार आहोत, आणि कोर्टाकडून मिळतो त्या वकिलाबद्दल. आम्ही कायदा शिकलेल्या नाही. तालुक्याच्या कोर्टात वर्षभर हेलपाटे घातले, तिथं जे कळलं आणि जे विचारून खात्री करून घेतलं, तेवढंच सांगतो.

सुरुवात झाली आमच्या बचत गटाच्या बैठकीत. एका ताईनं पाच हजारांचं कर्ज मागितलं. आमच्या रजिस्टरात कर्जाचं कारण लिहावं लागतं. बी-बियाणं, शाळेची फी, दवाखाना, शेळी, अशी कारणं असतात. ताईनं सांगितलं, "लिहा, कोर्टाचा दंड." सचिव बाईंचा पेन थांबला. आम्ही विचारलं, दंड कधी झाला? ती म्हणाली, "अजून झाला नाही. पुढच्या तारखेला व्हायचा आहे."

मग सगळं बाहेर आलं. बांधावरून शेजाऱ्यांशी भांडण झालं होतं. पेरणीच्या दिवसांत नांगर बांधाला लागला की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. दोन्ही घरच्या बाया एकमेकींच्या अंगावर गेल्या. शेजारणीनं आधी पोलीस ठाणं गाठलं. मारहाण, शिवीगाळ आणि धमकी असा गुन्हा नोंदला गेला, आणि ताई, तिची सासू आणि थोरली जाऊ अशा तिघी आरोपी झाल्या. समन्स आलं. गावातल्या एका माणसानं, जो कोर्टात सारखा जातो येतो, त्यानं सांगितलं, "वकील करत बसाल तर वीस-पंचवीस हजार जातील. त्यापेक्षा जजसमोर उभ्या राहा, कबूल म्हणा, दंड भरा आणि मोकळ्या व्हा. माझ्याकडं पाच हजार द्या, बाकीचं मी बघतो."

खरं सांगायचं तर आमच्यातल्या निम्म्या जणींना हे पटलं होतं. पाच हजारांत कटकट मिटत असेल तर वाईट काय? पण आमच्यात एक आजी आहेत. त्या म्हणाल्या, "जो दंड कोर्टानं अजून सांगितला नाही, त्याचा आकडा याला कुठनं कळला?" या एका प्रश्नावर ते कर्ज त्या दिवशी थांबलं, आणि तारखेला आमच्यापैकी दोघींनी सोबत जायचं ठरलं.

आता आमचीच फजिती ऐका. आम्हाला एवढं माहीत होतं की गरिबाला सरकारी वकील फुकट मिळतो. म्हणून कोर्टात गेल्या गेल्या आम्ही सरकारी वकील कोण, हे विचारलं. काळ्या कोटातले एक साहेब दाखवले. आम्ही त्यांना गाठलं आणि भडाभडा सगळं सांगायला लागलो, कोण आधी धावलं, कुणाच्या हातात खुरपं होतं, सगळं. साहेब भले निघाले. त्यांनी हात वर करून थांबवलं आणि म्हणाले, "मावशी, थांबा. मी तुमचा वकील नाही. तुमच्याविरुद्ध सरकारची बाजू मांडणारा आहे. मला काही सांगू नका."

तर बायांनो, ही पहिली गाठ पक्की बांधा. सरकारी वकील म्हणजे सरकारी पक्षाचा वकील. फौजदारी खटला सरकार चालवतं, पोलिसांनी दाखल केलेला गुन्हा शाबीत करायला तो उभा राहतो. तुम्ही फिर्यादी असाल, तुम्हाला मारहाण झाली असेल, तर तो तुमच्या बाजूनं बोलेल. तुम्ही आरोपी असाल तर तो समोरच्या बाजूला असतो. आपल्याला जो मोफत वकील मिळतो तो वेगळा. त्याला विधी सेवेचा वकील म्हणतात. त्याची फी सरकारी पैशातून जाते, पण तो उभा आपल्यासाठी राहतो. आपण त्याला सांगितलेली गोष्ट त्यानं आपल्या परवानगीशिवाय बाहेर सांगायची नसते. म्हणून त्याला सगळं खरं सांगायचं, खुरप्याचंसुद्धा.

ताईच्या नावाचा पुकारा झाला. तिघी उभ्या राहिल्या. जज मॅडमनी विचारलं, "तुमचा वकील आहे का?" ताई म्हणाली, "नाही मॅडम." "सरकारी खर्चानं देऊ का?" आणि ताई पटकन म्हणाली, "नको!" तिला वाटलं, याचंही बिल मागून येईल. मॅडमनी मग सावकाश सांगितलं की पैसे लागणार नाहीत, तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज करा, आणि पुढची तारीख दिली. त्या दिवशी कबुली झाली नाही, ती अशी.

हे मॅडमनी विचारलं ते काही त्यांच्या मनाचा चांगुलपणा म्हणून नाही. न्यायाधीशाचं ते कर्तव्यच आहे. १९८६ साली अरुणाचल प्रदेशातला एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. आरोपीला वकील नव्हता आणि त्यानं मागितलाही नव्हता, म्हणून खालच्या कोर्टानं तसाच खटला चालवून शिक्षा दिली होती. सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली. मुद्दा सरळ होता. ज्या गरीब, अडाणी माणसाला आपला हक्कच माहीत नाही, तो मागणार कसा? कोर्टानंच त्याला सांगायला हवं. त्याच्याही आधी, १९७८ साली, आपल्या महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात या न्यायालयानं कैद्याला अपिलासाठी मोफत वकील मिळायला हवा असं म्हटलं होतं. पुढं १९८७ साली विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला.

या कायद्यात आपल्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट ही, की बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. घरी दहा एकर ऊस असो, नाही तर रोजगार हमीवरची मजुरी असो. बाई आहे, एवढं पुरे. लहान मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, कोठडीत किंवा तुरुंगात असलेली माणसं, यांनाही उत्पन्न विचारत नाहीत. बाकीच्या पुरुषांना मात्र महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांच्या आत उत्पन्न असल्याचं दाखवावं लागतं. बाईला हा वकील फक्त आरोपी म्हणूनच मिळतो असंही नाही. पोटगी, घरातला छळ, वारसाहक्क, जमिनीची वाटणी, या कामांनाही मिळतो, आणि कोर्टाची फी, टायपिंगचा खर्च हेही त्यात येतात.

समितीचं ऑफिस तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच असतं. तिथले सगळ्यात वरिष्ठ न्यायाधीश हे समितीचे अध्यक्ष असतात. जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. साध्या कागदावर अर्ज केला तरी चालतो, लिहिता येत नसेल तर सांगितलेलं लिहून घेतात. आम्ही आधार कार्डाची झेरॉक्स आणि समन्सची झेरॉक्स नेली होती, तेवढ्यावर काम झालं. ताईला एक कागद मिळाला, नियुक्तीपत्र. त्यावर वकील बाईंचं नाव होतं. हा कागद नीट जपून ठेवा. वकील तुमचा आहे याचा तो पुरावा.

वकील बाई तरुण होत्या. सासूबाईंचं तोंड वाकडं झालं. "फुकटचा वकील म्हणजे शिकाऊ पोरगीच मिळायची." पण त्या पोरीनं पहिल्या भेटीत जे विचारलं, ते ऐकून आम्हीच गप्प झालो. तिनं ताईला विचारलं, "तू पुढं कुठं नोकरीला अर्ज करणार आहेस का?" ताई बारावी झालेली आहे. अंगणवाडीची जागा निघाली तर अर्ज करायचा, हे तिच्या मनात होतं. वकील बाई म्हणाल्या, "मग कबूल या शब्दाची किंमत पाच हजार नाही, त्याहून जास्त आहे."

हे त्यांनी आम्हाला समजावलं तसं आम्ही तुम्हाला सांगतो. कोर्टात गुन्हा कबूल केला की तुम्ही दोषी ठरता. दंड शंभर रुपये असो की दहा हजार, दोषी ती दोषीच. पुढं नोकरीच्या अर्जात शिक्षा झाली आहे का असा रकाना असतो, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते, तिथं हे उघडं पडतं. तुम्ही लपवलं तर तो आणखी वेगळा घोटाळा. आणि एकदा कबूल केलं की वरच्या कोर्टात जाऊन मी गुन्हा केलाच नव्हता असं अपील करता येत नाही. शिक्षा जास्त झाली किंवा कायद्याला धरून नाही, एवढ्यापुरतंच अपील करता येतं. दंड भरला म्हणजे विषय संपला, असं तो गावातला माणूस म्हणाला होता. दंड भरल्यावर पैशाचा विषय संपतो. नावाला लागलेलं तसंच राहतं.

आमच्या थोरल्या जाऊबाई तिथंच बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मी बारा-तेरा वर्षांपूर्वी असंच कबूल म्हणून आठशे रुपये भरले होते." हे घरातही फार कुणाला माहीत नव्हतं. पाणवठ्यावरचं भांडण होतं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की त्या दिवशी त्या गुन्हेगार ठरल्या. त्या समजत होत्या, मास्तर शाळेत दंड करतात, तसा तो दंड. आता दुसऱ्या खटल्यात त्यांचं जुनं प्रकरण पुढं येऊ शकतं, हे ऐकून त्या किती तरी वेळ पदराचं टोक पिळत बसल्या. आम्हाला तेव्हा काय बोलावं ते सुचलं नाही.

मग वकील बाईंनी रस्ते सांगितले. एक, केस लढायची. दुसरा, तडजोड. साधी मारहाण, शिवीगाळ, धमकी यांसारखे काही गुन्हे कायद्यानं तडजोडीचे आहेत. ज्याला मार लागला, ज्याला शिवी दिली, त्यानं कोर्टासमोर तडजोड केली की त्याचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच होतो. दंड नाही, शिक्षा नाही. लोकअदालतीत अशी प्रकरणं मिटवतात. तिसरा रस्ता, गुन्हा शाबीत झालाच तरी पहिलाच गुन्हा असेल तर कोर्टाला विनंती करता येते की दंड किंवा कैद न देता समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडा. १९५८ चा परिवीक्षा कायदा त्यासाठी आहे, आणि त्याखाली सुटलं तर शिक्षेमुळं येणारी अपात्रता लागत नाही. मागितलं नाही तर हे सहसा कुणी आपणहून देत नाही. यासाठीच वकील लागतो.

निवड तुमची आहे, असं वकील बाई म्हणाल्या. सासूबाई तडजोडीला तयार नव्हत्या. "माझा हात आठ दिवस सुजला होता तिच्या काठीनं, आणि मीच मिटवू?" दोन तारखा त्याच बोलण्यात गेल्या. आमचं मत विचाराल तर तडजोड प्रत्येक ठिकाणी चांगली नसते. नवरा मारतो अशा केसमध्ये दहा जण मिळून बाईला मिटव म्हणतात, तिथं आम्ही तिच्या बाजूनं उभ्या राहतो. पण बांधाच्या भांडणात उद्याही त्याच पायवाटेनं जायचं आहे. शेवटी सासूबाईंनी अट घातली की जमिनीची सरकारी मोजणी आधी व्हावी. भूमी अभिलेखवाले आले, खुणा केल्या. आणि लोकअदालतीच्या दिवशी दोन्ही घरच्या बाया एकाच बाकावर बसल्या. बोलल्या नाहीत, पण सह्या केल्या. ताईला आणि सासूबाईंना दंड झाला नाही, जाऊबाईंनाही नाही.

आता थोडं कडू पण खरं. मोफत वकिलाचा अनुभव सगळा गोड नव्हता. मधल्या एका तारखेला वकील बाई आल्याच नाहीत. फोन उचलला नाही. आम्ही दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात, मजुरी बुडवून. नंतर कळलं, त्या दुसऱ्या कोर्टात अडकल्या होत्या. या वकिलांना प्रत्येक केसमागे मिळणारं मानधन थोडं असतं आणि केसेस पुष्कळ. हे आम्हाला समजतं, पण आमचीही रोजंदारी जाते. आणि आणखी एक. तिथल्या एका कारकुनानं टायपिंगचे तीनशे रुपये मागितले. आम्ही म्हटलं, पावती द्या. मग पैसे नको झाले. विधी सेवेच्या वकिलानं किंवा त्याच्या माणसानं तुमच्याकडून फी मागायची नाही, असा नियम आहे. कुणी मागितली, किंवा वकील सारखा गैरहजर राहू लागला, तर समितीच्या ऑफिसात लेखी तक्रार द्या आणि वकील बदलून मागा. बदलून मिळतो. आम्ही तक्रारीचा अर्ज लिहूनही नेला होता. वकील बाईंनी माफी मागितली आणि पुढच्या तारखेपासून आदल्या दिवशी फोन करायला लागल्या, म्हणून तो पिशवीतच राहिला.

एवढं करूनही कधी खरंच दंड होतो. मग काय करायचं? निकालात दंडाची रक्कम लिहिलेली असते, आणि तो भरला नाही तर किती दिवस कैद तेही लिहिलेलं असतं. ते दोन्ही आकडे वकिलाकडून समजून घ्या. पैसे कोर्टातल्या नाझर कार्यालयात किंवा कोर्ट सांगेल त्या खिडकीवर भरायचे आणि छापील पावती घ्यायची. वकिलाच्या, पोलिसाच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या हातात दंडाचे पैसे द्यायचे नाहीत. पावतीवर केस नंबर आहे का ते बघा, झेरॉक्स काढा, आणि मूळ पावती सातबाऱ्याबरोबर ठेवा.

पैसे त्या क्षणी नसतील तर घाबरून मंगळसूत्र गहाण टाकू नका. नुसत्या दंडाची शिक्षा असेल तर कोर्टाकडं मुदत मागता येते. तीस दिवसांपर्यंतची मुदत, किंवा दोन-तीन हप्ते, पहिला हप्ता तीस दिवसांच्या आत आणि पुढचे तीस-तीस दिवसांच्या अंतरानं. त्यासाठी बंधपत्र लिहून द्यावं लागतं, पण तेवढ्या काळापुरती कैद थांबते. १ जुलै २०२४ पासून जे नवे फौजदारी कायदे आले, त्यातही ही सोय तशीच आहे. कोर्टानं मुदत द्यायलाच हवी असं नाही, पण मागायला काय जातं? वकिलाला सांगा, हप्ते मागा.

दंड न भरल्यामुळं कुणी आत गेलंच, तर पैसे भरल्याबरोबर बाहेर येता येतं. थोडे भरले तरी त्या प्रमाणात दिवस कमी होतात. समजा दंड तीन हजार आणि न भरल्यास तीस दिवस. दोन हजार भरले तर उरलेल्या एक हजाराचे दहा दिवस काढले की सुटका. घरी बसून रडण्याऐवजी हा हिशोब करा. आणि दिवस काढले की दंड आपोआप माफ झाला असंही धरू नका. बहुतेक वेळा मग वसुली करत नाहीत, पण विशेष कारण लिहून कोर्ट ती करू शकतं. वसुली होते ती ज्याला दंड झाला त्याच्या मालमत्तेतून. नवऱ्याच्या दंडासाठी तुमच्या नावावरची शेळी नेत असतील, तर लगेच वकिलाकडं जा.

एक छोटी गोष्ट गाडीची. हल्ली स्कुटी बाईच्या नावावर घेतात. सोळा वर्षांचं पोरगं ती घेऊन फिरतं. पकडलं तर मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद आहे. म्हणजे आरोपी तुम्ही. किल्ली कुठं ठेवता ते बघा. आणि चलनाचा दंड भरा म्हणून व्हॉट्सअॅपवर लिंक आली तर उघडू नका. तसल्या लिंकांतून खात्यातले पैसे गेलेले आहेत.

तारीख चुकवू नका, हे शेवटचं. मजुरी बुडते, एसटी चुकते, पोर आजारी पडतं, सगळं खरं. पण न जाता बसलात तर वॉरंट निघतं, पोलीस दारात येतात. जाता येत नसेल तर आदल्या दिवशी वकिलाला कळवा, त्या दिवशी तो कोर्टात अर्ज देऊ शकतो. वॉरंट निघालंच असेल तर लपून बसू नका. वकिलाबरोबर स्वतः कोर्टात हजर व्हा आणि ते रद्द करून घ्या.

विधी सेवेचा फोन नंबर आहे एक, पाच, एक, शून्य, शून्य. १५१००. देशात कुठूनही लागतो. भिंतीवर, पोरांच्या वहीवर, कुठं तरी लिहून ठेवा.

ताईच्या त्या कर्जाच्या अर्जावर आमच्या रजिस्टरात आडवी रेघ आहे आणि खाली सचिव बाईंनी लिहिलंय, "गरज उरली नाही." जाऊबाईंच्या जुन्या निकालाची प्रत मात्र आम्ही अजून काढलेली नाही. ती मिळावी म्हणून वकील बाईंनी अर्ज लिहून दिला आहे. येत्या गुरुवारी आमच्यापैकी दोघी जाऊबाईंबरोबर साडेआठच्या एसटीनं तालुक्याला जाणार आहोत. कुणाचं कोर्टात काम असेल आणि एकटीला जायला भीती वाटत असेल, तर स्टँडवर या. आम्ही उसाच्या रसाच्या गाड्याजवळ थांबतो.